तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स, फॉर्ममध्ये कोणता लिहू?

वाचकाचं पत्र

“मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पश्चिम घाटातल्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींचं वर्गीकरण हा माझा विषय. लवकरच प्रमोशनची मुलाखत आहे आणि फॉर्ममध्ये ‘एच-इंडेक्स’ असा एक रकाना आहे. गूगल स्कॉलरवर माझा ९ दिसतो, स्कोपसवर ६ आणि वेब ऑफ सायन्सवर ४. कोणता लिहू? आमच्याच कॉलेजात मटेरियल सायन्समध्ये काम करणाऱ्या एका सरांचा २१ आहे. स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले, तेव्हा मान खाली घालून बसावं लागलं. माझे पीएच.डी.च्या काळातले तीन पेपर माहेरच्या नावाने आहेत, ते स्कोपसवर माझ्या नावावर धरलेच जात नाहीत. त्यात आता एक ईमेल आलाय, की पैसे भरा, महिन्याभरात पन्नास सायटेशन मिळवून देतो. ते मी करणार नाही. पण मग करू काय? सोबत माझ्या पेपरांची यादी जोडते आहे.”

— एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम, नमस्कार.

मुलाखत तोंडावर आहे म्हणून फॉर्मचं आधी सांगते. रकान्यात स्कोपसचा आकडा लिहा आणि त्याच्यापुढे ‘स्कोपस’ हा शब्द आणि पाहिल्याची तारीख लिहा. जागा असेल तर खाली गूगल स्कॉलरचाही आकडा द्या, तसाच नाव आणि तारखेसकट. नुसता ‘९’ किंवा नुसता ‘६’ लिहिला तर त्याला काही अर्थ उरत नाही, कारण एच-इंडेक्स हा माणसाला चिकटलेला आकडा नाही. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे पेपरांची आणि त्यांच्या सायटेशनची, म्हणजे इतर पेपरांनी केलेल्या उल्लेखांची, नोंद ठेवणारे डेटाबेस आहेत. एका विशिष्ट डेटाबेसमध्ये, एका विशिष्ट दिवशी, तुमच्या नावावर जेवढं सापडलं त्याचा तो हिशेब आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र स्कोपसवरचा ६ आहे तसा लिहू नका, कारण तो अपुरा आहे. तुमच्याच यादीवरून ते दाखवते.

एच-इंडेक्स २००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी मांडला. रीत सोपी आहे. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. जिथपर्यंत पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा जास्त होत नाही तिथपर्यंत जायचं. तुमच्या स्कोपसवरच्या १४ पेपरांची सायटेशन अशी आहेत : ४१, २२, १५, ११, ९, ७, ६, ६, ४, ३, २, १, ० आणि ०. सहाव्या पेपरला ७ सायटेशन आहेत, म्हणजे सहापर्यंत चाललं. सातव्याला ६ आहेत, तिथे अडलं. म्हणून ६. आता माहेरच्या नावाचे तीन पेपर घ्या, त्यांना १२, १० आणि ५ सायटेशन आहेत. ते मिसळून पुन्हा क्रम लावला की ४१, २२, १५, १२, ११, १०, ९, ७ असं होतं. सातव्याला ९, आठव्याला ७. तुमचा एच-इंडेक्स ७ झाला. त्यासाठी नवा पेपर लिहावा लागला नाही. जे तुमचं होतं ते तुमच्या नावावर आलं, एवढंच.

याच यादीत आणखी एक गोष्ट पाहा. समजा ४१ सायटेशनवाल्या तुमच्या पेपरला उद्या ४१० सायटेशन झाली, तरी एच-इंडेक्स हलणार नाही. लिओ एग्घे यांनी २००६ साली जी-इंडेक्स सुचवला तो हीच उणीव भरून काढायला. त्यात वरच्या पेपरांच्या सायटेशनची बेरीज धरतात आणि ती बेरीज पेपरांच्या संख्येच्या वर्गाइतकी तरी हवी. तुमचा तो आज ११ येतो. गूगल स्कॉलर दाखवतं तो आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. तुमच्या १४ पेपरांत ती ४ आहे. एकाच यादीतून ६, ११ आणि ४ असे तीन आकडे निघतात. ‘माझं संशोधन किती मोलाचं?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांतला एकही देत नाही. यादीचा आकार कसा आहे, एवढं मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो.

आता नावांबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ग्रंथालयात इतकी वर्षं काम करताना आपल्याकडच्या संशोधकांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना पाहिलं आहे, आणि त्यात बायकांचं अधिक. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. म्हणजे ‘एस. बी. पाटील’ची ‘एस. व्ही. देशमुख’ होते. काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत. शिवाय ‘पाटील एस. बी.’ या नावाखाली महाराष्ट्रात किती संशोधक असतील याचा विचार करा. एकीचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात जातात, दुसऱ्याचे पहिलीच्या. कुणी ‘देशमुख’मध्ये एक ‘यू’ घालतं, कुणी दोन ‘ओ’ लिहितं. काही मासिकं पूर्ण नाव छापतात, काही नुसती आद्याक्षरं.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. स्कोपसची वर्गणी कॉलेजकडे नसली तरी लेखकाचं पान शोधता येतं. तिथे दोन्ही नावांनी शोधा, दोन्ही खाती तुमचीच आहेत याची एकेक पेपर उघडून खात्री करा आणि खाती एकत्र करण्याची विनंती पाठवा. ते काम माणसं तपासून करतात, त्यामुळे वेळ लागतो, आजच पाठवा. वेब ऑफ सायन्सवरही स्वतःचं खातं ताब्यात घेऊन तीन पेपर जोडता येतात. दरम्यान ऑर्किडचा (ORCID, फुलाचा नव्हे, संशोधकाच्या ओळखीचा) सोळा अंकी क्रमांक काढा, नसेल तर. २०१२ साली सुरू झालेली ही व्यवस्था नेमकी याचसाठी आहे, की नाव बदललं, संस्था बदलली, देश बदलला तरी क्रमांक एकच राहावा. त्यात ‘या नावानेही ओळखले जाते’ अशी सोय आहे, तिथे माहेरचं नाव घाला. मुलाखतीपर्यंत खाती एकत्र झाली नाहीत तर फॉर्मसोबत एक पान जोडा : दोन्ही खात्यांचे क्रमांक, सतरा पेपर क्रमाने, प्रत्येकापुढे सायटेशन आणि खाली ‘एकत्रित एच-इंडेक्स ७’. नावबदलाची नोंद तुमच्या सर्व्हिस बुकात असणारच, त्याची प्रत लावा. समितीला शंका घ्यायला जागा उरत नाही.

गूगल स्कॉलरचं खातंही एकदा झाडून घ्या. तिथे ९ दिसतो त्याची कारणं दोन असू शकतात. एक चांगलं कारण म्हणजे गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांची इतिवृत्तं, विद्यापीठांच्या संकेतस्थळावरचे अहवाल असं सगळं वेचतं. कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधात तुमचा पेपर वापरला असेल तर तो तिथे मोजला जाईल, स्कोपसमध्ये नाही. दुसरं कारण वाईट आहे. तेच यंत्र दुसऱ्या कुणाचे पेपरही तुमच्या खात्यात टाकतं आणि एकाच पेपरच्या दोन नोंदी करतं. जे तुमचं नाही ते काढून टाका, मग आकडा ८ झाला तरी हरकत नाही. वेब ऑफ सायन्स याच्या उलट टोकाला आहे. त्याचा वंश थेट युजीन गारफिल्ड यांच्यापर्यंत जातो. त्यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि साठच्या दशकात फिलाडेल्फियाहून विज्ञानाची पहिली मोठी सायटेशन सूची काढली. निवडक मासिकं घ्यायची हे त्यांचं धोरण होतं. वर्गीकरणाची प्रादेशिक मासिकं तिथे कमीच आहेत, म्हणून तुमचा ४. आपण कुठल्या खिडकीतून बघतो त्यावर अंगण केवढं दिसणार हे ठरतं.

आता त्या सरांच्या २१ बद्दल. त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नका. त्यांनी काम केलं आहे आणि त्यांच्या विषयात ते वाचलं जातं. पण त्यांचा २१ आणि तुमचा ७ एका पडद्यावर शेजारी लावणं ही मोजमापाची चूक आहे आणि ती चूक आहे असं तुम्ही शांतपणे सांगू शकता. मटेरियल सायन्समध्ये जगभर प्रचंड संख्येने लोक काम करतात, एका पेपरच्या शेवटी साठ-सत्तर संदर्भ असतात आणि पेपर निघाल्यापासून दोन-तीन वर्षांत सायटेशनची लाट येऊन जाते. सड्यावरच्या एका वनस्पतीच्या वंशावर काम करणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांतल्या प्रत्येकाने तुमचा प्रत्येक पेपर वापरला तरी आकडा लहानच राहील. आणखी एक फरक सहलेखकांचा. एच-इंडेक्समध्ये दोघांनी लिहिलेला पेपर आणि पन्नास जणांनी लिहिलेला पेपर प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण धरला जातो. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निघालेल्या एका पेपरला ५,१५४ लेखक होते. प्रत्येकाला त्याची सगळी सायटेशन मिळतात.

हिर्श यांनी मूळ लेखातच सांगितलं होतं की वेगवेगळ्या विषयांत एच-इंडेक्सची पातळी वेगळी असते. पुढे २०२० साली त्यांनी हेही लिहिलं की या आकड्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात असं आपल्याला आता वाटतं. ज्याने माप तयार केलं तोच सावध करतो आहे, हे समितीतल्या लोकांना माहीत असायला हवं.

विषयांतला फरक धरून मोजायची सोय नाही का? आहे. स्कोपसमध्ये प्रत्येक पेपरला विषय, वर्ष आणि लेखाचा प्रकार पाहून काढलेलं एक गुणोत्तर असतं. १ म्हणजे तशाच पेपरांची जागतिक सरासरी. १.३ असेल तर सरासरीपेक्षा तीस टक्के जास्त. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वर्गणी असेल तर तिथले लोक तुमची यादी काढून देतील, मागायला संकोच करू नका, ते त्यांचं कामच आहे. नाहीतर ओपनअॅलेक्स हा २०२२ पासूनचा मोफत डेटाबेस आहे, त्यातही असंच गुणोत्तर मिळतं. हे आकडे एच-इंडेक्सपेक्षा न्याय्य आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सतरा पेपरांच्या यादीत एकच पेपर सगळी सरासरी वर ओढू शकतो. आणि ‘वनस्पतिविज्ञान’ या गटात तुमच्या वर्गीकरणासोबत जनुकांवर काम करणाऱ्या मोठमोठ्या प्रयोगशाळाही बसवलेल्या असतात. म्हणजे तुलना अजूनही बरोबरीची नाही, फक्त आधीइतकी वाईट नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो मासिकाचा असतो, तुमचा नाही. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पेपरचे गुण त्यावर वाढतात, तिथे तो लिहावाच लागेल, लिहा. पण ‘माझ्या संशोधनाचा प्रभाव’ म्हणून तो पुढे करू नका. वर्गीकरणाच्या पेपरला दोन वर्षांत काय मिळतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. तुम्ही सायटेशन मोजलीत, पण ती वाचलीत का? प्रत्येक डेटाबेसमध्ये सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केलं की कुणी उल्लेख केला त्यांची यादी उघडते. पुढच्या शनिवार-रविवारी तेवढंच काम करा. मी तुमच्या यादीतले दोन पेपर उघडून बघितले. पहिला ४१ सायटेशनचा, औषधी वनस्पतींवरचा आढावा, ज्यात तुम्ही पाच लेखकांपैकी तिसऱ्या आहात. त्याचा उल्लेख करणारे जे पेपर मला पूर्ण वाचायला मिळाले, त्यांतल्या बहुतेकांत तो पहिल्या परिच्छेदातच येतो : ‘पश्चिम घाटात अनेक औषधी वनस्पती आढळतात’ आणि त्यापुढे एका दमात आठ-दहा संदर्भ. तुमच्या पेपरमधलं काही वापरलं आहे असं त्यात दिसत नाही. वाक्याला आधार हवा होता, मिळाला.

दुसरा पेपर ४ सायटेशनचा. त्यात तुम्ही एका नव्या प्रजातीचं वर्णन केलं आहे, पहिल्या लेखिका तुम्ही आहात, नमुना तुम्ही गोळा केलेला आहे. ते चारही उल्लेख मी वाचले. एका गटाने तुमच्या नमुन्याचं डीएनए काढून त्या संपूर्ण वंशाची वंशावळ मांडली आहे. दुसऱ्याने तुमची ओळखीची किल्ली (लक्षणांवरून प्रजाती ओळखायचा तक्ता) दुरुस्त करून पुढे वाढवली आहे. तिसऱ्याने तुमच्या नोंदीच्या आधारावर त्या वनस्पतीला किती धोका आहे याचं मूल्यमापन केलं आहे. चौथा तुमचाच पुढचा पेपर आहे, आणि तो तिथे असणं योग्यच आहे, कारण काम पुढे गेलं आहे. मॅडम, या चारांपैकी पहिले तीन पेपर तुमच्या पेपरशिवाय लिहिलेच गेले नसते. त्या एक्केचाळिसांबद्दल असं म्हणता येणार नाही. मुलाखतीत ‘तुमच्या संशोधनाचा प्रभाव काय?’ असं विचारतील तेव्हा हे तीन पेपर नावानिशी सांगा. आकडा समितीला आधीच माहीत असतो, कामाचा माग तुम्हालाच सांगता येतो.

सायटेशन जास्त म्हणजे काम थोर, हे समीकरण अगदी वरच्या टोकालाही टिकत नाही. जगात सर्वांत जास्त सायटेशन असलेल्या पेपरांत ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ सालचा पेपर कायम पहिला येत आला आहे, तीन लाखांहून अधिक. त्यात आहे काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत. प्रयोगशाळेत ती रोज लागते, म्हणून प्रत्येक जण तिचा उल्लेख करतो. लाउरी यांनी स्वतःच म्हटलं होतं की तो काही आपला थोर पेपर नव्हे. उपयोगाचा पेपर, थोर पेपर आणि फक्त पहिल्या परिच्छेदात शोभेला लावलेला पेपर, तिघांच्याही खात्यात सायटेशन सारखंच ‘एक’ म्हणून जमा होतं.

तुमच्या विषयाची तर आणखी एक अडचण आहे, जी इतर शाखांतल्या लोकांना ठाऊकच नसते. वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे ते नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव लिहायची प्रथा आहे. जगातला कुठलाही संशोधक तुमची प्रजाती लिहील तेव्हा तिच्यापुढे तुमचं नाव लिहील. पण तुमचा मूळ पेपर शेवटच्या संदर्भसूचीत बहुधा घालणार नाही, आणि जे संदर्भसूचीत नाही ते कुठलाच डेटाबेस मोजत नाही. म्हणजे नाव छापलं जातं आणि सायटेशन शून्य. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा कोश १९०१ ते १९०८ या काळात काढला. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) त्याच्या जीर्ण प्रती हाताशी ठेवलेल्या असतात आणि नमुना ओळखताना उघडल्या जातात. तो वापर मोजणारं माप कुणी केलेलं नाही.

पण शोधता येतं. गूगल स्कॉलरमध्ये तुमच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. पेपरचं नाव नाही, प्रजातीचं नाव. जे पेपर, प्रबंध, अहवाल निघतील त्यांची वेगळी यादी करा आणि तिला ‘प्रजातीच्या नावाचा वापर’ असं शीर्षक द्या. सायटेशनमध्ये ती मिसळू नका, वेगळी ठेवा. तुमचे नमुने जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता संग्रहात नोंदले असतील तर ती माहिती कुणी उतरवून वापरली याची नोंद तिथे मिळते. आणि जिल्ह्यात हिंडून पाहा. वनविभागाच्या कुठल्या कार्ययोजनेत, कुठल्या गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तुमची यादी वापरली आहे का? २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली या नोंदवह्या करायच्या असतात आणि त्या करताना स्थानिक कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनाच बोलावतात. तसं काही सापडलं तर संबंधित पानाची झेरॉक्स फाइलला लावा. २०१५ साली लायडन जाहीरनामा म्हणून दहा तत्त्वं प्रसिद्ध झाली, संशोधनाचं मोजमाप कसं करावं याबद्दल. त्यातलं एक तत्त्व हेच आहे, की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपली पाहिजे. तुम्ही मराठीत सड्यांवर जे लेख लिहिले आहेत त्यांना स्कोपसमध्ये कधीच जागा मिळणार नाही. तरीही यादीत ते घाला, वेगळ्या मथळ्याखाली.

ईमेलबद्दल तुमचा निर्णय झालेलाच आहे, म्हणून फार लिहीत नाही. फक्त हे धंदे किती पोकळ आहेत ते सांगते. २०१० साली सिरिल लाबे या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने अस्तित्वातच नसलेला एक शास्त्रज्ञ तयार केला. संगणकाने लिहिलेले शंभरएक निरर्थक पेपर एकमेकांचा उल्लेख करत महाजालावर ठेवले आणि गूगल स्कॉलरच्या हिशेबाने त्या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ निघाला. २०२४ साली संशोधकांच्या एका गटाने एका बनावट खात्यासाठी पन्नास सायटेशन तीनशे डॉलरला विकत घेऊन दाखवली. हे आता पकडलंही जातं. वेब ऑफ सायन्स चालवणारी क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांची यादी काढते, तिने २०२३ साली गणित हा विषयच वगळला, कारण त्यात आकडे फुगवण्याचे प्रकार झाले होते.

मला जास्त काळजी वाटते ती व्हॉट्सअॅप ग्रुपची. ‘तू माझे दोन पेपर टाक, मी तुझे दोन टाकतो’ असं मित्रत्वाने चालतं. पैसे नसतात, त्यामुळे गैर वाटत नाही. पण ज्या पेपरची गरज नाही तो संदर्भसूचीत घातला की तुमच्या पेपरचा वाचक फसतो, कारण तो संदर्भ उघडून पाहतो आणि तिथे काहीच मिळत नाही. शिवाय दोन-तीन खाती सारखी एकमेकांकडे बोट दाखवतात ते यादीत स्पष्ट दिसतं. ‘जगातले दोन टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून वर्तमानपत्रांत जी यादी गाजते, त्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांच्या यादीत स्वतःची सायटेशन वगळूनही क्रमांक काढलेले असतात. (ती यादी स्कोपसवर आधारलेली आहे, हे बातम्यांत क्वचितच येतं.) स्वतःच्या आधीच्या पेपरचा उल्लेख करण्यात मात्र काही वावगं नाही, काम त्याच धाग्यावर चाललं असेल तर तो करायलाच हवा.

स्टाफ मीटिंगच्या पडद्याचं काय करायचं? प्राचार्यांवर रागावून उपयोग नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत संशोधनाचे पेपर आणि त्यांची सायटेशन धरली जातात, आणि तो दबाव विद्यापीठाकडून कॉलेजकडे, कॉलेजकडून तुमच्याकडे येतो. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना भेटा आणि एकच मागणी करा. आकडे लावायचेच असतील तर प्रत्येकाच्या विषयाच्या सरासरीशी तुलना करून लावा, पुढे डेटाबेसचं नाव घाला, आणि ज्यांनी बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी मध्ये खंड घेतला त्यांचा खंड धरा. हिर्श यांनीच एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायची सूचना केली होती, कारण हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कधी कमी होत नाही. खंडाची वर्षं त्या भागाकारातून वजा करावीत, असं मला वाटतं. तुमच्यासोबत भाषा आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही घ्या. त्यांची स्थिती तुमच्याहून बिकट आहे, कारण त्यांचं मुख्य काम पुस्तकांत असतं आणि हे डेटाबेस मराठी पुस्तकांपर्यंत पोचलेलेच नाहीत.

समितीपुढे ठेवायचं पान मी असं करेन, तुम्हाला पटलं तर घ्या. वर एक ओळ : ‘सतरा शोधनिबंध, एच-इंडेक्स ७, स्कोपस, दोन्ही नावांची खाती एकत्र धरून, अमुक तारखेला’. त्याखाली गूगल स्कॉलरचा स्वच्छ केलेला आकडा. मग तीन पेपर निवडा, जास्त सायटेशनचे नव्हे, तुम्हाला जे महत्त्वाचे वाटतात ते. प्रत्येकाखाली दोन वाक्यं लिहा, की यात नवीन काय सापडलं आणि ते कुणी कशासाठी वापरलं. मग प्रजातींच्या नावाच्या वापराची यादी आणि स्थानिक उपयोग. सगळं मिळून दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका, समितीकडे तेवढाच वेळ असतो. कुणी २१ चा विषय काढलाच तर विषयांतला फरक दोन वाक्यांत सांगा आणि लगेच आपल्या पेपरकडे वळा, स्पष्टीकरणात अडकून पडू नका.

एक काम मुलाखतीनंतरचं. तुमच्याकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या मुली असतील तर त्यांचा पहिला पेपर पाठवण्याआधी त्यांना ऑर्किड काढायला लावा, आणि कुठलं नाव, कुठल्या स्पेलिंगने कायम वापरायचं हे त्यांनी आत्ताच ठरवावं. लग्नानंतर कागदोपत्री नाव बदललं तरी पेपरवर पहिलंच नाव चालू ठेवता येतं, त्याला कुणाची हरकत नसते, हे त्यांना आणि गरज पडली तर त्यांच्या घरच्यांनाही सांगा.